तीन वेळा दार बंद

ऑफिसात मला पाठीमागे फूटपट्टी म्हणतात. तोंडावर म्हणायची कुणाची छाती नाही, पण मला कळतं. खरं सांगायचं तर पूर्वी ते कानावर आलं की मी मनातल्या मनात सुखावायचे. बाई सरळ आहे, एवढाच त्याचा अर्थ, असं वाटायचं. आता कुणी म्हटलं की मान खाली जाते. का, ते सांगते.

मी नगरपालिकेच्या आरोग्य विभागात आहे. डॉक्टर नाही, नर्सही नाही. कुठे किती माणसं राहतात, कशाने आजारी पडतात, याची गणती माझ्याकडे. आमच्या शहरात आरोग्याच्या नावाने आनंदीआनंदच आहे. एकच मोठं हॉस्पिटल, तेही पश्चिमेच्या टोकाला. पूर्वेला नऊ ते एक उघडणारा एक दवाखाना, तिथे डॉक्टर असले तर औषध नसतं आणि औषध असलं तर डॉक्टरांची सुट्टी असते. चार वर्षांपूर्वी वरून मंजुरी आली की पूर्वेकडे दोन नवी आरोग्य केंद्रं काढा. दुपारी दोन ते रात्री आठ अशी त्यांची वेळ ठरली, म्हणजे कामावरून सुटलेल्या माणसालाही जाता यावं. ती वेळ मी भांडून आराखड्यात घालून घेतली होती. साहेबांशी हुज्जत घालताना माझ्या डोळ्यांसमोर कोण होतं, ते मात्र मी त्यांना सांगितलं नाही.

डोळ्यांसमोर होती ताई, माझी सख्खी मोठी बहीण. आई गेली तेव्हा मी नऊ वर्षांची होते आणि ताई सतराची. तिने शाळा सोडली, हॉस्पिटलच्या धुलाईखान्यात कामाला लागली आणि मला शिकवलं. माझी प्रत्येक परीक्षा तिने चादरी पिळून पास केली, असं आमचे काका म्हणायचे, आणि ते खोटं नाही. लग्न झालं, नवरा गेला, मुलगी मोठी झाली, तरी ताई त्याच धुलाईखान्यात होती. ओल्या फरशीवर, रबरी बुटांत, आठ आठ तास उभी. राहायला नाल्यापलीकडच्या वस्तीत, दोनशे बारा नंबरच्या घरात. ती आणि भाची, दोघीच. भाची पॅकिंगच्या कारखान्यात जाते. दोघी सकाळी सातला कुलूप लावून निघायच्या ते सहाला परत. त्या कुलपाची एक चावी माझ्या पर्समध्ये असते. ताईला विसरायची सवय, म्हणून.

ताईला साखरेचा आजार. त्या वर्षी तिच्या उजव्या पायाच्या अंगठ्याखाली एक जखम झाली, बुटात घासून घासून. रोज पट्टी बदलायला हवी होती. पण दवाखाना उघडा असायचा तेव्हा ताई कामावर, आणि ताई सुटायची तेव्हा दवाखान्याला कुलूप. ती हॉस्पिटलातच कामाला होती खरी, पण तिथली ओपीडीही तिच्या पाळीतच चालायची, आणि रांगेत उभं राहायला मुकादम सोडायचा नाही; रजा मागितली की तोंड वाकडं करायचा. मी ओरडले, रागावले, एकदा तर तिला हाताला धरून घेऊन गेले. पण रोज कोण नेणार? तिने जुन्या चादरीच्या चिंध्या गुंडाळल्या आणि वरून मोजा चढवला.

"तुमचं ते केंद्र आमच्याकडे होईल ना गं?" तिने एका रविवारी विचारलं. "संध्याकाळी पट्टी करून मिळाली तर माझं काम भागेल."

मी म्हटलं, आकडे तर येऊ देत, मग बघू. आकडे आल्याशिवाय मी सख्ख्या बहिणीलाही शब्द देत नाही, याचा तेव्हा मला केवढा तोरा होता.

केंद्रं दोन आणि जागा मागणारे भाग तीन. त्यातल्या जुन्या गावठाणात सात हजारांवर माणसं, त्यामुळे तिथलं केंद्र पक्कंच होतं. दुसरं एकतर नाल्यापलीकडच्या वस्तीला मिळणार, नाहीतर बाजारामागच्या कॉलनीला. ज्या भागात माणसं जास्त, त्याला केंद्र, एवढा साधा हिशेब. मोजणी नर्सनी घरोघर जाऊन करायची होती, त्यांच्या ड्युटीच्या वेळेत, म्हणजे दहा ते पाच. आणि मोजणीचे नियम केले मी. त्यातला सातवा नियम असा की घराला कुलूप दिसलं तर खूण करायची आणि पुन्हा जायचं. तीन वेळा दार बंद सापडलं तर ते घर रिकामं समजून त्यावर लाल रेघ मारायची. आधीच्या एका मोजणीत पुढाऱ्यांनी बंद घरांत भरमसाट माणसं घुसडली होती, म्हणून मी हा नियम केला. कुणाला लबाडी करायला फटच ठेवायची नाही, एवढंच डोक्यात होतं.

वस्तीच्या मोजणीवर ज्या नर्सबाई होत्या, त्या मितभाषी. माझ्यापेक्षा वयाने मोठ्या, पण मला अहो-जाहो करणाऱ्या. मोजणी संपली तेव्हा त्या कागदांचा गठ्ठा घेऊन माझ्या टेबलाशी आल्या आणि बसा म्हटलं तरी बसेनात. म्हणाल्या, एकशे शहाण्णव घरांवर लाल रेघ आली आहे.

"बाई, ती घरं रिकामी नाहीत हो. दोरीवर ओले कपडे असतात."

मी विचारलं, ओले कपडे कुठल्या रकान्यात लिहिलेत? त्यांनी गठ्ठ्याच्या कडा सरळ केल्या. मग हळूच म्हणाल्या की मला आठ दिवस संध्याकाळचं जाऊ द्या, सगळी माणसं घरात सापडतील. मी कॅलेंडर दाखवलं. महिनाअखेरीला आराखडा वर जायचा होता. आणि एका भागाला संध्याकाळची मोजणी दिली तर बाकीचे दोन भाग बोंब मारणार नाहीत का? नियम सगळ्यांना सारखा, असं मी त्यांना सुनावलं. त्यांनी मान डोलावली आणि गठ्ठा ठेवून गेल्या. बाजारामागच्या कॉलनीत घरटी एखादी म्हातारी किंवा सून दिवसभर घरात असते आणि बेल वाजली की दार उघडतं. वस्तीतलं झाडून सगळं माणूस कामावर असतं. ज्यांच्यासाठी मी संध्याकाळची वेळ भांडून मिळवली, त्यांनाच मोजायला मी दिवसाउजेडी माणूस पाठवला होता. एवढी साधी गोष्ट, शाळेतल्या पोरीला कळेल अशी, मला कळली नाही असं म्हणायला आवडेल मला. पण कळली होती.

त्या दुपारी मी कागद तपासायला घेतले. पान उलटता उलटता दोनशे बारा नंबर आला. पुढे तीन फुल्या, तीन तारखा आणि लाल रेघ. रहिवासी शून्य.

मी पेन्सिल खाली ठेवली. माझ्या पर्समध्ये त्या घराची चावी होती. आदल्या रविवारी मी त्या घरात जेवले होते, ताईच्या पायाची पट्टी सोडून बघितली होती. ते घर रिकामं नाही, हे जगात माझ्याइतकं पक्कं कुणाला ठाऊक असणार? खोडरबर समोर होतं. पण मनात आलं की बहिणीचं घर म्हणून मी आकडा बदलला, असं उद्या कुणी म्हटलं तर? फूटपट्टीनेच कागद वाकडा केला, असं झालं तर? आणि हे एक घर दुरुस्त केलं तर उरलेल्या एकशे पंच्याण्णव घरांचं काय, तीही मग तशीच असणार. म्हणजे नर्सबाई म्हणत होत्या तेच खरं, म्हणजे सगळी मोजणी पुन्हा, म्हणजे साहेबांसमोर माझा नियम चुकला असं कबूल करणं. हा सगळा विचार मी केला, अगदी शेवटपर्यंत केला, आणि पान उलटलं.

वस्तीची माणसं भरली चार हजार तीनशे ऐंशी. कॉलनीची चार हजार सातशे वीस. रेघ मारलेल्या घरांत घरटी चार माणसं धरली असती तरी वस्ती पाच हजारांच्या पुढे गेली असती. मी सही केली. साहेबांनी पाठ थोपटली, इतका स्वच्छ आराखडा आजवर पाहिला नाही म्हणाले.

केंद्र कॉलनीत झालं. तिथे आधीच तीन डॉक्टरांच्या पाट्या होत्या. ताईला सांगायला गेले तेव्हा तिने कुरकुर केली नाही. असू दे, आजार काय त्यांनाही होतातच, असं म्हणून तिने चहा टाकला. कॉलनीतलं केंद्र तिच्यापासून दोन बस लांब. महिनाभर ती गेली, मग एक दिवसाआड, मग सोडलंच. पाय कसा आहे विचारलं की बरा आहे म्हणायची, आणि मीही मोजा काढून बघायचं सोडून दिलं. बघायचं मला जिवावर आलं होतं.

पुढच्या वर्षी भाचीचा ऑफिसात फोन आला. ताई तापाने फणफणली होती. ज्या हॉस्पिटलच्या चादरी तिने एकतीस वर्षं धुतल्या, तिथेच तिला नेलं. आधी अंगठा गेला. तेवढ्याने भागलं नाही. अठरा दिवसांनी गुडघ्याखालून पाय काढला.

ती जरा बोलायला लागली तेव्हा मला राहवेना. पलंगाशी बसून मी सगळं सांगितलं. सातवा नियम, तीन फुल्या, खोडरबर, सगळं. वाटलं होतं, चिडेल, हात उगारेल, लहानपणी उगारायची तसा. उगारला असता तर बरं झालं असतं. तिने छताकडे बघत एवढंच विचारलं.

"माझं घर रिकामं लिहिलंस?"

मी हो म्हटलं. तिने डोळे मिटले. तिच्या अंगावरची चादर नीट करायला माझा हात पुढे झाला, पण मला ती चादर धरवेना.

त्यानंतर मी साहेबांना लेखी दिलं की माझी मोजणी चुकली होती. कॉलनीतलं केंद्र काही हलवता येत नव्हतं. पण यंदा तिसऱ्या केंद्राची मंजुरी आली, नवी मोजणी निघाली, आणि मी सातवा नियम काढून टाकला. सकाळची फेरी झाली की बंद घरांसाठी संध्याकाळची फेरी करायची, असा नवा नियम घातला. दोन ओळींचं काम होतं. तेव्हाही दोन ओळींचंच होतं.

वस्तीच्या सकाळच्या फेरीला मी स्वतः गेले, त्याच नर्सबाईंबरोबर. त्या मला टाकून बोलल्या नाहीत, हा त्यांचा मोठेपणा. सकाळचे अकरा वाजले होते. गल्लीत चिटपाखरू नव्हतं. दाराला कुलूप आणि दोरीवर ओले कपडे, पुढच्या दाराला कुलूप आणि दोरीवर ओले कपडे. त्या खूण करत होत्या, मी नंबर सांगत होते. दोनशे सात, बंद. दोनशे आठ, बंद. सवयीने माझा हात पर्समधल्या चावीकडे गेला.

दोनशे बारा नंबरचं दार सताड उघडं होतं. अख्ख्या गल्लीत तेवढं एकच. ताई उंबऱ्याच्या आत खुर्चीवर बसली होती, कुबड्या भिंतीला टेकवलेल्या, मांडीवर शिवायला घेतलेलं कुणाचं तरी पोलकं. तिने मान वर करून आधी नर्सबाईंच्या हातातल्या कागदाकडे बघितलं, मग माझ्याकडे. आवाजात राग असता तर मला सोपं गेलं असतं.

"या वेळी सापडले ना गं मी?" ती म्हणाली.

नर्सबाईंनी विचारलं, घरात माणसं किती? ताईने सांगितलं, दोन. त्यांनी दोन लिहिलं आणि आम्ही पुढच्या घराकडे गेलो. त्याला कुलूप होतं.