लॅम्पशेड, हलू नका!

शनिवार पेठेतला फोटो स्टुडिओ बंद करून मुनव्वर कॅमेरा आणि पांढरा पडदा घेऊन कर्वेनगरला मुलाच्या, खालिदच्या, फ्लॅटवर राहायला आले. आयुष्यभर त्यांनी पासपोर्टचे फोटो काढले होते. सून अफशीन जुन्या ओढण्या तारेच्या सांगाड्यावर चिकटवून लॅम्पशेड बनवायची आणि फोटो इन्स्टावर टाकून विकायची. म्हणजे, विकायला बघायची.

"फोटो मी काढतो," सासरे म्हणाले. "तुझ्या फोटोत शेडपेक्षा सोफाच जास्त दिसतो. लोक सोफ्याचा भाव विचारतील."

"विचारलाय एकीनं, अब्बा."

अब्बांनी पडदा टांगला. शेड बरोबर मधोमध, समोरून, सावली नको. दिवा लावायला सक्त मनाई. दिव्यानं म्हणे नक्षी उडून जाते. फोटो अगदी स्वच्छ आले.

"फक्त कान दिसत नाहीत," अफशीन म्हणाली. "व्हिसा नाकारतील."

"कर चेष्टा. पण एक तरी फोटो हललाय का?"

"शेड कशाला हलेल, अब्बा?"

आठवडा गेला, ऑर्डर नाही. खालिदनं बायकोला विचारलं, "या उलट्या टोपल्या कधीपासून विकायला लागलीस?" अब्बांनी त्या दिवशी जेवण होताच पडदा गुंडाळून ठेवला. अफशीनलाच वाईट वाटलं. दुसऱ्या दिवशी तिनं पिवळ्या बांधणीची नवी शेड आपणहून त्यांच्यापुढे ठेवली.

गुरुवार होता, वीज गेलेली. दिवा लागायचा प्रश्नच नाही, म्हणून अब्बा खूश. शेडमधल्या दिव्याचं बटण चालूच राहिलंय, हे दोघांच्याही ध्यानात आलं नाही. अब्बांनी कॅमेरा रोखला, तेवढ्यात अफशीनला कडेला लोंबणारा धागा दिसला. ती तो दातांनी तोडायला वाकली आणि वीज आली. तिचा चेहरा पिवळाधमक झाला, डोळे गच्च मिटले, धागा दातांतच राहिला. अब्बांकडून कॅमेऱ्याचं बटण दाबलं गेलं.

"तो फोटो पुसून टाका हं!"

अब्बा कितीतरी वेळ त्या फोटोकडे बघत राहिले. "हललेल्या गिऱ्हाइकाला मी परत बसवायचो," ते म्हणाले. "तुला नाही बसवणार."

अफशीननं कुरकुरत तोच फोटो टाकला. संध्याकाळी कोथरूडच्या कुणा अस्मिताताईंचा मेसेज आला: हीच हवी.

ती शेड बांधायला घेणार, तर शेड जागेवर नाही! ती अब्बांच्या खोलीत खुर्चीशेजारी लागली होती आणि खाली अब्बा पेपर वाचत होते.

"अब्बा, ती विकली गेलीय!"

"दुसरी कर."

"तसली ओढणी कुठून आणू?"

"तुळशीबागेतून. मी येतो. भाव तू कर, पिशवी मी धरतो."

तुळशीबागेत पिवळी मिळाली नाही, हिरवी मिळाली. अफशीननं अस्मिताताईंना घाबरत घाबरत कळवलं. त्यांचं उत्तर आलं, "हिरवी चालेल. पण फोटो त्याच फोटोग्राफरनं काढलेला हवा."

तिनं ते मोठ्यानं वाचून दाखवलं. त्यानंतर दुपारभर अब्बा आपल्या खोलीत कॅमेरा पुसत बसले. तिनं चहाला दोनदा हाक मारली, तर आतून आवाज आला, "थांब जरा, कामात आहे."