पिवळी चौकट

नवऱ्याचा लुळा हात आधी बाहीत घालायचा आणि मग चांगला, हे वहिनींना आता झोपेतही जमलं असतं. शेवटचं बटण लावून त्या मागे सरकल्या, तर दादांनी दाढीचं सामान मागितलं.

"राहू दे आज दाढी," वहिनी म्हणाल्या.

"चार लोकांत जायचंय."

"म्हणूनच राहू दे. जरा आजारी दिसलात तर काही बिघडत नाही."

"मी काय नाटक कंपनीत आहे?"

त्यांनी उजव्या हाताने स्वतःच खण उघडला आणि ब्रश बाहेर काढला. वहिनींनी पाण्याची वाटी आणून ठेवली. आज सुनावणी होती, आणि सुनावणीच्या दिवशी भांडण नको होतं.

दादा उभी हयात पोस्टमन होते. सायकल मिळत असतानाही त्यांनी टपाल पायीच वाटलं, आणि त्याचा त्यांना भारी ताठा होता. निवृत्त होऊन वर्षही झालं नव्हतं तोच झटका आला आणि डावी बाजू गेली. हॉस्पिटलात आठवड्यातून तीनदा व्यायामाला नेलं तर पाय परत येईल, असं डॉक्टर म्हणाले. न्यायचं कुणी, हा प्रश्न होता. मुलगा परगावी. मग पन्नाशी उलटलेल्या वहिनी गाडी चालवायला शिकल्या.

शिकवलं केकवालीने. वहिनींच्या दाराला लागूनच तिचं केकचं दुकान होतं. ते नवं होतं तेव्हा त्याची पत्रकं दादांनी टपालाबरोबर घरोघर टाकली होती, नियमात बसत नसतानाही. केकवाली त्यांना दादा म्हणायची आणि सख्ख्या भावाशी वागावं तशी वागायची. गाडी शिकताना पहिल्याच आठवड्यात वहिनींनी एक कुंडी, एक कचऱ्याचा डबा आणि तिच्याच दुकानाची पायरी निकालात काढली, तेव्हा ती स्टिअरिंगवर डोकं टेकून हसत सुटली होती.

नगरपालिकेने दारासमोर गाडी लावायला पिवळी चौकट आखून दिली आणि आत चाकाच्या खुर्चीचं चित्र काढलं. त्या चौकटीवर सगळं चाललं होतं. ती नसती तर गाडी मंडईच्या मागे लावावी लागली असती. वहिनी तिथून गाडी घेऊन येईपर्यंत दादांना रस्त्यात एकटं कुणाच्या भरवशावर उभं करायचं? फुटपाथ तर असा खोदून ठेवलेला, की त्यावर चाकाची खुर्ची दोन हातही सरकत नव्हती. चौकट गेली की हॉस्पिटल गेलं, आणि हॉस्पिटल गेलं की पाय गेला.

चौकटीची मुदत दरवर्षी वाढवून घ्यावी लागे. यंदा नोटिशीत लिहिलं होतं, की एक हरकत आली आहे. कुणाची ते लिहिलं नव्हतं. वहिनींनी ताबडतोब कोपऱ्यावरच्या जिमवाल्याचं नाव घेतलं. तो येता-जाता हॉर्न मारायचा आणि त्याची ती मोठी गाडी कायम तिरपी लावायचा.

"माणसाला लाज नाही," त्या केकवालीच्या काउंटरवर हात आपटून म्हणाल्या होत्या. "आजारी माणसाची जागा खायला निघालाय."

"असतात हो वहिनी अशी माणसं," केकवाली म्हणाली होती आणि क्रीम फेटत राहिली होती.

सभागृहात पंखे फिरत होते आणि प्लास्टिकच्या खुर्च्या भरत आल्या होत्या. दादांनी दारातच चाकाची खुर्ची सोडली, वहिनींच्या खांद्याचा आधार घेत एका साध्या खुर्चीवर बसले आणि म्हणाले, "ती मागे भिंतीशी ठेव. समोर नको." दाढी गुळगुळीत केलेली, भांग पाडलेला. वहिनींच्या मनात आलं, नवरदेव दिसतोय मेला. ओळखीचे लोक वळून वळून नमस्कार करत होते. निम्म्या सभागृहाची पत्रं या माणसाने वाहिली होती.

वहिनींनी बाजूच्या खुर्चीवर पर्स ठेवून जागा धरली होती. केकवाली दुकान बंद करून आली, ती थेट तिथे येऊन बसली. वहिनींनी तिचा हात दाबला. हात गार होता.

"जिमवाला अजून दिसत नाही," वहिनी कुजबुजल्या.

केकवालीने नुसती मान हलवली.

समोर तिघं बसले होते. मध्ये समितीच्या अध्यक्षबाई, एका बाजूला रस्त्यांचे इंजिनियर, दुसऱ्या बाजूला नगरपालिकेचे डॉक्टर. शाळेपुढच्या गतिरोधकाचं झालं. वाचनालय रात्री उशिरापर्यंत उघडं ठेवायचं की नाही, यावरून दोन म्हातारे हमरीतुमरीवर येऊन बाहेर गेले. मग क्लार्कने दादांच्या गल्लीचं नाव घेतलं.

"राखीव पार्किंग, मुदतवाढ. हरकत एक. हरकत घेणारे हजर आहेत?"

"हजर," म्हणत केकवाली उठली.

वहिनींना वाटलं, चुकून उठली. त्यांनी तिची ओढणी धरून खाली ओढली. केकवालीने ओढणी हळूच सोडवून घेतली आणि ती पुढे गेली.

"लग्नाचा मोठा केक मला चौकापर्यंत हातात न्यावा लागतो," ती अध्यक्षबाईंकडे पाहत म्हणाली. पाठ केल्यासारखं बोलत होती. "गेल्या महिन्यात दोनदा तो रस्त्यात आडवा झाला. भर लग्नात काय तोंड दाखवायचं? गिऱ्हाइकाला गाडी लावता येत नाही, म्हणून ते पुढच्या दुकानात जातं. कामाच्या दोन्ही मुलींना मी घरी बसवलं. मला माल चढवायपुरती जागा हवी. ज्यांना ती दिली होती ते आता बरे झालेत. चालतात."

"असं तुम्ही म्हणता," डॉक्टर म्हणाले.

"व्हिडिओ दिलाय मी."

क्लार्कने कळ दाबली. पडद्यावर वहिनींच्या घरातला बोळ आला. कोपऱ्यात वाळत घातलेला टॉवेल, खुंटीवरची पिशवी, आणि समोरून काठीविना येणारे दादा. डावा पाय फरशीवरून ओढत, पण येत होते. चित्र हलत होतं. आणि मग वहिनींचाच आवाज आला, रडतोय की हसतोय कळू नये असा.

"या... या ना! अगंबाई, अहो आलात की! बघा, लागतंय का आता तुम्हाला कुणी?"

सभागृहात कुणीतरी कौतुकाने च्यक् च्यक् केलं. वहिनींचा चेहरा कानापर्यंत तापला. तो व्हिडिओ त्यांनी एकाच माणसाला पाठवला होता. मुलालासुद्धा नंतर पाठवू म्हणून राहिला होता. पाठवल्या पाठवल्या केकवाली केक घेऊन धावत आली होती आणि दोघी बोळातच गळ्यात पडल्या होत्या. ज्या गळ्यात पडलो, त्याच गळ्यातून आज हे सगळं निघालं. वहिनींना एवढं फसवल्यासारखं आयुष्यात कधी वाटलं नव्हतं.

त्या उठल्या. आवाज कापू नये म्हणून समोरच्या खुर्चीची पाठ घट्ट धरली.

"तो एक दिवस होता साहेब. तेवढा बोळ चालून आले आणि दिवसभर झोपून राहिले. त्याच संध्याकाळी न्हाणीघराच्या दारात पडले. मला उचलवेनात. मी दुकानात हाक मारली. कोण आलं माहीत आहे? ह्याच आल्या. हाताला क्रीम तसंच होतं. आम्ही दोघींनी मिळून त्यांना पलंगावर घेतलं." त्यांनी बोट दाखवलं. "विचारा त्यांना. माझ्याकडे बघून सांगायला सांगा."

अध्यक्षबाई केकवालीकडे वळल्या. "हे खरं आहे का?"

केकवालीने पहिल्यांदाच वहिनींकडे पाहिलं. तिचे डोळे भरले होते. तिने ओठ उघडले. ती हो म्हणणार होती. वहिनींना त्याची तेव्हाही खात्री होती आणि पुढेही कायम राहिली. तिच्यावर कितीही राग असला तरी ही एक गोष्ट त्या नाकारू शकल्या नाहीत.

"पडलो नव्हतो," दादा म्हणाले.

सगळे वळले.

"पाय सरकला जरा. खाली बसलो होतो, एवढंच."

"अहो..." वहिनी म्हणाल्या.

"तू थांब."

त्यांनी उजव्या हाताने खुर्ची रेटली आणि ते उभे राहिले. काठी वहिनींच्या खुर्चीला टेकवलेली होती. त्यांनी ती पुढे केली, तर दादांनी तिच्याकडे पाहिलंही नाही. दोन रांगांच्या मधल्या वाटेने ते निघाले. डावा खांदा पडलेला, पाऊल ओढत, पण मान ताठ. खांद्याला पिशवी असल्यासारखे. कुणी खोकलं नाही, कुणी हललं नाही. ते थेट टेबलापर्यंत गेले आणि त्याच्या कडेवर हात ठेवून थांबले.

आधी कोपऱ्यातून एक टाळी आली. मग सगळं सभागृह टाळ्या वाजवायला लागलं. इंजिनियर वाजवत होते, क्लार्क वाजवत होता. केकवाली दोन्ही हात तोंडावर धरून उभी होती. वहिनी तेवढ्या नुसत्या बसल्या. ज्या चालण्यासाठी त्यांनी एवढे दिवस जिवाचं रान केलं, ते त्यांच्या डोळ्यांदेखत झालं होतं आणि त्यांना टाळी वाजवता येत नव्हती.

"माझ्या आईची पेन्शन तुम्हीच आणून द्यायचात," अध्यक्षबाई म्हणाल्या. "बरे झालात, बरं वाटलं. आता ही जागा अडवून ठेवण्याचं कारण उरलेलं नाही. तुमची काही तक्रार?"

"मुळीच नाही," दादा म्हणाले. "घ्या की जागा. पोरीचा धंदा आहे."

डॉक्टरांनी सही केली. कागद सरकला. क्लार्कने पुढचा विषय वाचायला घेतला, कुठल्याशा चौकातल्या सिग्नलचा, आणि लोक आपापल्या फायलींकडे वळले.

दादा तिथेच उभे होते. अजून हसत होते. वहिनींनी खाली पाहिलं. पँटच्या आत डावा गुडघा बारीक बारीक थरथरत होता. याच्यानंतर काय होतं ते त्यांना पाठ होतं. आधी थरथर, मग गुडघा दुमडणार आणि अख्खं अंग डावीकडे जाणार. डॉक्टर हाताच्या अंतरावर बसले होते, सही केलेला कागद अजून टेबलावरच होता. आणखी थोडा वेळ आपण बसून राहिलो, तर चौकट आपली राहील. हा विचार वहिनींच्या मनात आला आणि त्याची त्यांना लाजही वाटली नाही. त्यांनी पर्स मांडीवर घेतली आणि त्या बसून राहिल्या.

केकवालीनेही गुडघा पाहिला होता. ती अर्धवट पुढे झाली, थबकली आणि वहिनींकडे बघायला लागली.

दादांनी मान वळवली. हसू तसंच होतं, फक्त कपाळावर घाम आला होता आणि नजर रांगांमधून वहिनींना शोधत होती.

वहिनी उठल्या. मागे भिंतीशी जाऊन त्यांनी चाकाची खुर्ची घेतली, मधल्या वाटेने टेबलापर्यंत आणली आणि नेमकी त्यांच्या मागे लावली. लोकांनी पाय आवरून वाट दिली.

"ही कशाला आणलीस?" दादा सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "आलो असतो की मी चालत."

रांगेत कुणीतरी हसलं. दादांच्या चांगल्या हाताने वहिनींचं मनगट इतकं आवळलं होतं, की बांगडी कातड्यात रुतली, आणि सगळा भार तिथे टाकून ते हळूहळू खाली बसत होते.

"सवय हो माझी," वहिनीही तेवढ्याच मोठ्याने म्हणाल्या.