टॅपेट कव्हरचे दोन नट

देवाजीची पांढरी अॅम्बेसेडर तिसऱ्यांदा गॅरेजसमोर येऊन उभी राहिली, तेव्हा वामनराव कडुनिंबाखाली चहा पीत बसले होते. गाडी थांबायच्या आधीच जळक्या तेलाचा वास पोचला. त्यांनी कप खाली ठेवला, पण उठायचं काही मनावर घेतलं नाही. मूलमध्ये चाळीस वर्षं या माणसानं जीपा, ट्रॅक्टर आणि राइस मिलची इंजिनं उघडली. केलेलं काम पुन्हा दारात आलं, असं कधी झालं नव्हतं. आणि हे काम तरी काय, तर इंजिनाच्या डोक्यावरचं पत्र्याचं झाकण. टॅपेट कव्हर म्हणतात त्याला. खाली बुचाचं पॅकिंग, वरून दोन नट, संपला विषय. गॅरेजात नवीन आलेल्याला पहिल्या आठवड्यात शिकवतात ते.

"वामनभाऊ, पुन्हा गळून राह्यली जी," देवाजी मान खाली घालून म्हणाला. जणू तेल त्याच्याच अंगातून गळत होतं.

मागच्या सीटवर त्याची बायको नीलाबाई नाकाला पदर लावून बसली होती. झाकणाच्या मागच्या कोपऱ्यातून तेल ठिबकायचं, गरम सायलेन्सरच्या पाइपावर पडायचं आणि धूर गाडीत शिरायचा. तिला मळमळायचं. तरी दर वेळी ब्रह्मपुरीहून मूलपर्यंत ती सोबत यायचीच. नवऱ्याला एकट्याला ही गाडी घेऊन सोडायची तिची तयारी नव्हती.

देवाजी एकतीस वर्षं गडचिरोलीच्या एका डॉक्टरांकडे ड्रायव्हर होता. डॉक्टर गेले, मुलांना जुन्या गाडीचं काय कौतुक, त्यांनी ती त्यालाच देऊन टाकली. तेव्हापासून गाडीला रोज आंघोळ. थंडीच्या दिवसांत देवाजीला स्वतःला तेवढी घडत नसे.

वामनरावांनी पहिल्या वेळी पॅकिंग बदललं, दुसऱ्या वेळी शेलॅक, म्हणजे लाखेचा चिकट लेप, लावून बसवलं. दोन्ही वेळा झाकण काढून काचेवर ठेवलं, तर ते वाकलेलं निघालं. मधे दबलेलं, कोपरे उचललेले. याचं कारण एकच असतं: नट गरजेपेक्षा जास्त पिळलेले. या झाकणाचे नट मधोमध आहेत, ते जेवढे आवळाल तेवढा पत्रा मधे बसतो, कडा वर येतात आणि तेल गळतं. मग माणूस म्हणतो, गळून राह्यलं, आणखी आवळा. नटाखालचा रबरी वॉशर जरासा फुगला की हात थांबवायचा. वामनरावांच्या बोटांना ते पाहावं लागत नसे, ती आपोआप थांबत.

मग पिळलं कोणी? वामनरावांच्या डोक्यात उत्तर तयारच होतं. जंगलातल्या जुन्या ड्रायव्हरांची एक खोड होती. एटापल्ली, भामरागडच्या तेव्हाच्या रस्त्यांवर सकाळी घट्ट बसलेला नट संध्याकाळी सैल व्हायचा, कधी वाटेतच गळून पडायचा. म्हणून तोंड धुतलं की चहाच्या आधी बॉनेट उघडायचं आणि दिसेल त्या नटाला पाना लावून थोडा पीळ द्यायचा. रस्ते डांबरी झाले, डॉक्टर गेले, पण देवाजीचा पाना काही खाली ठेवला गेला नव्हता. तोच पिळत असणार.

तोच पिळत असावा, असं वामनरावांना मनापासून वाटत होतं. कारण तो नसेल तर मग उरत होते ते स्वतः. सहा वर्षं शुगरची गोळी चालू होती. गेल्या पावसाळ्यापासून बोटांची टोकं कुणा दुसऱ्याचीच असल्यासारखी झाली होती. मागच्या खेपेला याच गाडीचं काम करून ते घरी गेले, तर जेवायला वाढताना बायकोनं, कमलाबाईंनी, त्यांचा पंजा धरला.

"हा एवढा फोड कायचा?"

फोड कधी आला, ते त्यांना ठाऊकच नव्हतं. ग्रीसनं होते तसं, असं काहीतरी ते बोलून गेले. ग्रीसनं फोड येत नाही, हे कमलाबाईंनाही माहीत होतं. त्या रात्री वामनरावांना झोप लागली नाही. हात गेला तर गॅरेजात आपण बसायचं तरी कशाला, हा एकच विचार त्यांना खात होता.

तर या तिसऱ्या वेळी त्यांनी झाकण पुन्हा सरळ केलं, नवीन पॅकिंग टाकलं, नट बसवले. देवाजी हात धुवायला गेला तेवढ्यात बारीक ब्रश पांढऱ्या ऑइल पेंटमध्ये बुडवून प्रत्येक नटावरून खालच्या झाकणापर्यंत एक सरळ रेघ ओढली. कोणी पाना लावला की रेघ तुटणार.

"देवाजीभाऊ, या नटाले आता हात नका लावू."

"तुमच्या कामाले मी काऊन हात लावन जी?"

पुढचे नऊ दिवस वामनराव गाडीची वाट पाहत राहिले. ती गळत यावी आणि रेघ तुटलेली निघावी, असं त्यांना वाटायचं. मित्राच्या गाडीचं वाईट चिंतायचं म्हणजे काय, याची लाजही वाटायची. पण वाटणं काही थांबलं नाही.

दहाव्या दिवशी गाडी आली. वास होताच. वामनरावांनी बॉनेट उचललं आणि पाहिलं. दोन्ही रेघा तुटल्या होत्या. नटावरचा तुकडा एकीकडे, झाकणावरचा दुसरीकडे, मधे चांगलं बोटभर अंतर.

त्यांच्या छातीवरचं ओझंच उतरलं. हसू यायला लागलं, आणि ते लपवायला ते देवाजीवर तुटून पडले. "काय सांगतलं होतं मी? हात नका लावू म्हणून सांगतलं होतं का नाई? एकतीस वर्षं गाडी चालवली, पन एवढं समजत नाई? माणसाची झोप उडवली तुमी."

"चुकलं जी," देवाजी म्हणाला. "सवय आहे ना."

वामनराव पाना आणायला वळले, तर मागच्या सीटवरून नीलाबाई म्हणाली, "भाऊ, तुमी त्याह्यलेच बोलून राह्यले, पन वास तं रविवारपासूनच येते. मी म्हटलं, आजच चला. हे म्हणे, थांब. नऊ दिवस बॉनेट उघडलं नाई त्याह्यनं. आज निघतानी काय सुचलं त काय मालूम, पाना घेऊन बसले."

"तू चूप बस ना," देवाजी म्हणाला.

वामनराव उभे होते तिथेच थांबले. मग त्यांनी झाकणाच्या कडेजवळ डोळा नेला. नटावर पान्याचे ताजे ओरखडे होते, आणि तेल मात्र जुनं होतं, धूळ बसून काळं झालेलं.

"रेघ दिसली होती तुमाले," ते म्हणाले.

"दिसली होती. दुसऱ्या खेपेले तुमी गरम पाइपावर हात ठेवला होता. बोलत बोलत. काढलाच नाई तुमी. मीच बोलावून इकडं आणलं तुमाले, आठवते का? तवाच समजलं मले." तो गाडीच्या टपावरची नसलेली धूळ पुसत राहिला. "म्हटलं, मीच पिळला म्हणून सांगू. माह्यं काय जाते. मी कुठी मिस्त्री आहो."

वामनरावांना राग आला. कशाचा, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. मग रागही दमला. त्यांनी झाकण उतरवलं, काचेवर ठेवून लाकडी हातोडीनं कडा सरळ केल्या, पॅकिंग लावलं. झाकण जागेवर ठेवलं, नट हातानंच दोन आटे फिरवले, आणि पाना देवाजीपुढं धरला.

"तुमी पिळा. माह्या बोटाले आता समजत नाई."

हे ते पहिल्यांदाच मोठ्यानं बोलले होते. कमलाबाईंनाही सांगितलं नव्हतं.

देवाजीनं पाना घेतला. "किती पिळू?"

वामनराव वाकले. नाक जवळजवळ इंजिनाला लागलं. रबराच्या कडेवर त्यांनी नजर रोखली. "थोडा. अजून थोडा. बस."

देवाजीचा हात सवयीनं आणखी पुढं जायला लागला.

"बस म्हटलं ना."

हात थांबला. दुसरा नटही तसाच बसला. गाडी सुरू करून त्यांनी पंधरा मिनिटं चालू ठेवली. नीलाबाईनं नाकावरचा पदर काढला होता. वामनरावांनी मागच्या कोपऱ्याच्या कडेवरून बोट फिरवलं. ओलं की कोरडं, ते बोटानं काही सांगितलं नाही. त्यांनी बोट उजेडात धरून पाहिलं. कोरडं होतं.

"जा आता, देवाजीभाऊ," ते म्हणाले. "काम चांगलं केलं तुमी."