डाव्या डोळ्यातलं रक्त

डोळ्यांच्या दवाखान्यात तिचं काम एकच, डोळ्याच्या पडद्यातून रक्त किती वेगानं वाहतं ते मोजायचं. रुग्णानं हनुवटी टेकवून हिरव्या ठिपक्याकडे बघायचं. यंत्र डोळ्याला न दिसणारा प्रकाश सोडून चार-पाच सेकंदांचं चित्रण करी. वेगाचं रक्त लाल दिसे, संथ निळं.

यंत्र नवीन आलं तेव्हा हात बसवायला तिला माणसं हवी होती. नवरा डबा द्यायला आला, तर त्यालाच तिनं बसवलं. उजवा डोळा लालभडक. डावा निळसर, मलूल. तिच्या मनात पाल चुकचुकली. तेवढ्यात तो म्हणाला, "डावा आळशी निघाला, माझ्यावर गेलाय." तीही हसली. बाहेर रांग लागली होती. तिनं नोंद केली : नजर हलली, चित्रण बाद.

दीड महिन्यानं शर्टाची बटणं लावता लावता तो कोसळला, तो पुन्हा उठलाच नाही. मानेतली डावी रक्तवाहिनी, डाव्या डोळ्याला रक्त पुरवते तीच, तुंबली होती, असं मोठ्या इस्पितळात सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि तोंडाला कुलूप लावलं.

कामावर मात्र जावंच लागे. कुणाचाही डावा डोळा समोर आला की ती दोनदा, तीनदा चित्रण घेई. माणसं कुरकुरत. जेवणाच्या सुट्टीत ती दार लोटून ते बाद चित्रण लावी. त्याची नाडी यंत्राच्या पडद्यावर उडे, पाच ठोके, की पुन्हा पहिल्यापासून.

वर्षभरानं तिला राहवलं नाही. सासूबाई मटार सोलत होत्या, तिनं सगळं सांगून टाकलं. त्यांचा हात थांबला.

"तेव्हाच कळलं होतं तुला?"

"शंका आली होती, आई."

त्यांनी हातातली शेंग खाली ठेवली. मग म्हणाल्या, "त्याचं रक्त वाहताना दिसतं त्यात? मला दाखव."

दुसऱ्या दिवशी ती त्यांना घेऊन गेली. पाच ठोके झाले. त्या म्हणाल्या, "पुन्हा लाव." तिनं लावलं. असं वीसेक वेळा झालं. आता बोल लावतील, मग लावतील, म्हणून ती जीव मुठीत धरून उभी होती. निघताना त्यांनी एवढंच विचारलं, हे कुणी पुसून तर टाकणार नाही ना?

आता दर गुरुवारी सुट्टीच्या वेळी त्या येतात. सुनेला शेजारी बसवतात. माफ केलं, असं त्या अजून म्हणालेल्या नाहीत, आणि विचारायची हिला छाती होत नाही.