वेदीवरचा बूट

एरवी रविवारी माझ्या चर्चमधले मागचे बाक रिकामे असतात. त्या शुक्रवारी मात्र खिडक्यांच्या कठड्यांवरसुद्धा माणसं बसली होती, कारण मी बोलणार नव्हतो. बोलणार होते 'प्रेषित'. ही पदवी त्यांना कुणी दिली हे विचारायची सोय नव्हती. पत्रकं छापून झाल्यावरच कमिटीने मला, म्हणजे इथल्या पाळकाला, परवानगी विचारली होती.

पांढरा सूट, पांढरे बूट, गालाला चिकटलेला माईक. डोळे मिटून ते म्हणाले, "मला दिसतंय, इथे कुणाची तरी कंबर दुखतेय." आमच्या मंडळीत निम्मे लोक पेन्शनीत निघालेले. कंबर न दुखणारा एखादा त्यांनी शोधून काढला असता, तर मीही चमत्कार मानला असता. पण हात भराभर वर झाले आणि 'हालेलूया'चा गजर उठला.

मग पाय वाढवण्याचा कार्यक्रम सुरू झाला. माणसाला खुर्चीत बसवायचं, डोळे मिटायला लावायचं, दोन्ही टाचा जुळवून उचलायच्या. "बघा, डावा पाय आखूड. कंबरदुखीचं मूळ हेच." पुढच्या बाकावरचे माना लांब करून बघायचे, तर खरंच आखूड. "वाढ, मी आज्ञा करतो, वाढ." की पाय सावकाश वाढून टाचा बरोबरीत. निवृत्त पोस्टमास्तरांचा वाढला, कमिटीच्या खजिनदारांचा वाढला. एवढे आखूड पाय घेऊन ही मंडळी इतकी वर्षं सरळ कशी चालत होती, हे कुणाच्याही डोक्यात आलं नाही.

शेवटी आमची पायपेटी वाजवणारी ताई पुढे आली. लहानपणच्या अपघातापासून तिचा डावा पाय खरोखरच दोन बोटं आखूड आहे, म्हणून त्या पायात जाड तळव्याचा बूट असतो. प्रेषितांनी तो काढला, टाचा धरल्या, लांबलचक प्रार्थना केली आणि टाचा बरोबरीत आल्या. तिची आई हमसून रडली.

"आता हा बूट घालणं म्हणजे अविश्वास," प्रेषितांनी फर्मावलं. "वेदीवर ठेव."

तिने ठेवला. मागोमाग काठ्या, कमरेचे पट्टे, चष्मे यांचा ढीग लागला. आमच्याकडे वेदीवर ठेवलेली वस्तू देवाची होते, ती कुणी परत घेत नाही. प्रेषित पुढच्या मुक्कामाला गेले आणि ढीग आमच्या गळ्यात पडला.

रविवारी शास्त्रवाचनाला पोस्टमास्तर उभे राहिले. पुस्तक हातभर लांब धरून पाहिलं, मग नाकाशी आणून पाहिलं. वाचायची होती वंशावळ, नुसती नावंच नावं. पोस्टमास्तरांनी घसा खाकरला आणि मेंढपाळाचं स्तोत्र खड्या आवाजात म्हणून टाकलं, कारण ते त्यांना तोंडपाठ होतं. मंडळी गंभीरपणे 'आमेन' म्हणाली. ताडून पाहायला त्यांच्याकडे तरी चष्मे कुठे होते.

मग गीत सुरू झालं. पायपेटीला दोन्ही पायांनी आलटून पालटून हवा भरावी लागते. ताईचा डावा पाय नीट पोचेना, सूर प्रत्येक ओळीला धापा टाकू लागला. गीत संपवून ती उठली आणि वेदीच्या पायरीवर कोसळली.

उपासनेनंतर ती वेदीमागच्या, झगे ठेवायच्या खोलीत एकटी बसली होती.

"फार दुखतंय?" मी विचारलं.

"नाही." मग म्हणाली, "कमरेखाली सगळं ठणकतंय. काल डॉक्टर म्हणाल्या, असंच चालत राहिलीस तर खुब्याचा सांधा कायमचा जाईल."

"मग बूट घाल ना."

"पाळकसाहेब, पाय बरोबरीत आला होता. आईने डोळ्यांनी पाहिलं. पुन्हा आखूड झाला तो माझ्याचमुळे. माझाच विश्वास कमी पडला."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आखूड पाय घेऊन ही बाई आजवर ताठ मानेने जगली होती. त्या माणसाने येऊन तिचा विश्वासच आखूड ठरवला होता.

आणि मला फरशी आठवली. आमच्या चर्चची फरशी काळ्या-पांढऱ्या चौकोनांची. मी बाजूला बसलो होतो. ताईच्या टाचा आधी खुर्चीसमोरच्या पांढऱ्या चौकोनावर होत्या, आमेन म्हणेपर्यंत शेजारच्या काळ्यावर पोचल्या होत्या. घरी गेल्या गेल्या मी बायकोला खुर्चीत बसवलं.

"पाय धरताय? लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर सुचलं हेही काही कमी नाही," ती म्हणाली.

तिच्या टाचा जुळवून तिच्या उजवीकडे नेल्या, तर डावा पाय आखूड. हळूहळू मध्ये आणल्या, तर बरोबरीत. डावीकडे नेल्या, तर डावाच लांब.

"एवढंच?" बायको म्हणाली. "मग यात देव कशाला लागतो?"

पुढच्या रविवारी मी उपदेशाऐवजी खुर्ची मांडली. पोस्टमास्तरांना बसवलं. "डोळे सगळ्यांनी उघडे ठेवा. पाय नको, फरशी बघा." त्यांचा पाय मी आखूड केला, वाढवला, वर आणखी दोन बोटं लांब करून दिला. आधी हसू फुटलं, मग पुढच्या बाकावरचे वाकून आपापल्या टाचा बघू लागले.

"ही पवित्र आत्म्याची थट्टा आहे," खजिनदार म्हणाले.

"थट्टा पांढऱ्या बुटांची आहे. पवित्र आत्म्याला खुर्ची लागत नाही."

मग ताई बसली आणि मी तिच्या आईला जवळ बोलावलं. टाचा सरळ समोर धरल्या, दोन बोटांचा फरक. डावीकडे नेल्या, बरोबरीत. "बघ ताई, पाय त्या दिवशी वाढलाच नव्हता. मग तो पुन्हा आखूड होणार कसा? तुझा विश्वास कुठेही कमी पडला नाही. तुम्हा मायलेकींना फसवलं गेलं."

ताई फरशीकडे बघत राहिली. तिची आई मात्र उठली, वेदीपाशी गेली आणि ढिगातून बूट काढू लागली.

"अहो, वेदीवरचं परत घेत नाहीत," खजिनदार कुजबुजले.

"देवाचे दोन्ही पाय धड आहेत," म्हातारी म्हणाली. "त्याला काय करायचाय हा?" आणि खाली बसून तिने लेकीच्या बुटाची नाडी बांधली. त्यानंतर बाकीचेही उठले. आपापले चष्मे शोधताना कुणी कुणाकडे बघत नव्हतं.

मी एवढंच म्हणालो: डोळे मिटून प्रार्थना जरूर करा, मीही करतो. पण डोळे मिटायला सांगून कुणी तुमच्या शरीराला हात लावत असेल, तर डोळे उघडा आणि फरशी बघा. तो तुमचं औषध, काठी, बूट काढून घेत असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा. आणि दुखणं परतलं म्हणून जो तुमच्या श्रद्धेला दोष देतो, त्याला दार दाखवा. देवाने डोकं दिलंय ते वापरल्याने त्याचा अपमान होत नाही.

पायपेटीचा सूर त्या दिवशी भरून वाजला. मग पोस्टमास्तरांनी चष्मा लावून राहिलेली वंशावळ अथपासून इतिपर्यंत वाचली. फार कंटाळा आला, पण पुस्तकात होतं तेच त्यांनी वाचलं.