कपाटातला तेरडा

शिवाशिव कायद्याने बंद झाली आहे, हे ढाणकीच्या अलीकडच्या त्या गावात सगळ्यांना ठाऊक होतं. पण कायदा बहुधा एस.टी.तून उतरला, चहा प्यायला आणि त्याच गाडीने परत गेला. कारण सातवीतल्या सत्यशीलाने शाळेच्या माठाला हात लावला, की माठाला अजून विटाळ व्हायचा.

तिच्या वडिलांनी, उकंडाने, घरादारासह बुद्धधम्माची दीक्षा घेतली होती. पोरगी मास्तरीण होणार, हे त्याने सगळ्या वस्तीला सांगून ठेवलं होतं. आता मागे फिरायची सोय नव्हती.

त्या वर्षी रब्बीच्या तोंडावर वामनराव गुरुजींनी वर्गात दोन कुंड्यांत तेरडा लावला. एक कुंडी खिडकीत, दुसरी नकाशांच्या कपाटात बंद. "झाड अन्न कशाच्या जोरावर तयार करतं, ते बघू," गुरुजी म्हणाले. पाणी दोन्ही कुंड्यांना सत्यशीलाने घालायचं.

आणि नेमके शाळा समितीचे अध्यक्ष मारोतराव नकाशे मोजायला आले! कपाट उघडलं, तर आत जिल्ह्याच्या नकाशाला टेकून एक पिवळंफटक झाड उभं.

"पाणी कोन घालते याले?"

"मी," सत्यशीला म्हणाली.

"आता समजलं! गुरुजी, ही पोरगी उद्यापासून शाळेत नोको. आज झाड वाळलं, उद्या लेकरं वाळतीन!"

"अहो, खिडकीतल्या झाडालाही तीच पाणी घालते. बघा, कसं हिरवंगार आहे."

"त्याले वारा लागते ना! वाऱ्यानं विटाळ उडून जाते."

गुरुजींनी चष्मा पुसला. "बरं. कपाटात नवं झाड ठेवतो, त्याला पाणी तुम्हीच घाला. हिरवं राहिलं, तर तुमचं खरं. तोवर पोरगी वर्गात बसेल."

मारोतराव हसले. त्यांच्या हाताला गुण होता. पेरणीची पहिली मूठ त्यांच्याच हातून सोडायची, हा गावाचा रिवाज. त्यांनी कपाटाला कुलूप लावलं आणि किल्ली करदोड्याला बांधली. रोज आंघोळ करून, ओलेत्यानं, घरच्या विहिरीचं पाणी तांब्याच्या तांब्यातून आणून डोळे मिटून कुंडीत ओतू लागले. त्यांच्या पत्नी तुळसाबाईंनी कपाटाला हळदकुंकू वाहिलं. गणिताच्या परीक्षेआधी पोरं कपाटाच्या पाया पडू लागली. एकाने नारळ फोडला; तो तरीही नापास झाला.

शेवटी गावासमोर कपाट उघडलं. तेरडा पिवळा! वर लांब, किडकिडीत, दाराच्या फटीकडे मान वळवलेला.

बाबाराव पाटील हळूच म्हणाले, "मारोतराव, उद्या माह्या वावरात मुठीले येऊ नोका. हरभरा महाग हाय."

संपलं! दुसऱ्या दिवसापासून मारोतराव दिसले, की लोक भोपळ्याचे वेल पोत्याने झाकू लागले. घरी तुळसाबाई म्हणाल्या, "तुळशीजवळून जाऊ नोका. लांबून फिरून या." ज्या अंगणाचे ते मालक, त्याच अंगणात ते कडेकडेने चालू लागले. पाणीसुद्धा तुळसाबाई त्यांच्या ओंजळीत वरून ओतायच्या.

चौथ्याच दिवशी ते शाळेत आले. "गुरुजी, लोकाइले सांगा ना, माह्या हाताचा दोष नाही!"

"माझं तुम्ही कुठे ऐकता? तिला विचारा."

सत्यशीलाने खिडकीतल्या तेरड्याच्या एका पानावर आठवड्यापूर्वीच काळ्या कागदाची पट्टी लावून ठेवली होती. ते पान तिने खुडलं, पट्टी काढली, पान टेबलावरच्या दिव्यावर पाण्यात उकळलं, मग गरम पाण्यात ठेवलेल्या स्पिरिटमध्ये पांढरं पडू दिलं. (गुरुजी वर्गात दारू काढून राह्यले, ही बातमी तेवढ्यात उमरखेडपर्यंत पोचली.) मग तिने पानावर आयोडीन टाकलं. पान काळंनिळं झालं. मधे पट्टीची जागा तेवढी तांबूस राहिली.

"काका, काळं झालं तिथं अन्न तयार झालं. पट्टीखाली ऊन पोचलं नाही, तिथं झालं नाही. पान एकच, पाणी घालणारा हातही एकच. मंग अर्ध्या पानाले विटाळ झाला अन् अर्ध्याले नाही, असं असते काय?"

मारोतरावांनी पान उलटसुलट पाहिलं. आणि एवढा मोठा श्वास सोडला, की टेबलावरचा दिवा विझला. "म्हणजे ते उन्हापायी! माह्या हाताचा दोष नाही!"

"नाही," सत्यशीला म्हणाली. "अन् माह्या?"

मारोतरावांना अंगणाची कड आठवली, वरून पडणारी पाण्याची धार आठवली. चारच दिवसांत एवढं! अन् या पोरीनं...

"तुह्याही नाही, माय," ते म्हणाले. मग दाराबाहेर जमलेल्या लोकांना ऐकू जाईल असं ओरडले, "दोघाइच्याही नाही! चूक कपाटाची हाय!"

त्यांनी कपाटाजवळ राहिलेला आपला तांब्या पुढे केला. सत्यशीलाने माठातून तो भरला, आधी स्वतः प्याली, मग त्यांना दिला. मारोतराव तांब्या तोंडाला लावून घटाघटा प्याले. पिवळा तेरडा दोघांनी मिळून खिडकीत नेला, आणि बघता बघता तो हिरवा रंग धरू लागला. तिकडे बाबारावांनी हरभऱ्याची मूठ पहिल्यांदाच स्वतः सोडली. हरभरा उगवला.

बंधुभगिनींनो, झाडाला ऊन लागतं, हवा लागते, पाणी लागतं. पाणी घालणाऱ्याची जात लागत नाही. एखादं रोप पिवळं पडलं, तर हाताला दोष देण्याआधी बघा, त्याला कपाटात कुणी कोंडलंय! माणसांचंही तेच आहे. कुलूप आपण लावलेलं असतं आणि किल्ली आपल्याच करदोड्याला असते.

कपाटाला मात्र गणिताच्या परीक्षेआधी अजून नारळ फुटतो. त्यावर गुरुजींचा प्रयोग चालू आहे.