हसिंतोची खूण

आंबट संत्रं हसिंतोच्या छातीवर आदळलं आणि फुटलं.

"दिसलं नाही ना?" एल्विरानं अंगणाच्या पलीकडून विचारलं.

"ऊन डोळ्यावर आलं. टाक पुन्हा."

ऊन त्याच्या पाठीशी होतं. इतक्या वर्षांच्या संसारात कुठं गप्प बसायचं ते एल्विराला कळत होतं. दुसरं संत्रं त्याच्या कानाजवळून भिंतीवर गेलं.

हसिंतो उक बावीस हंगाम कांपेचेच्या बेसबॉल संघाचा कॅचर होता. पिचरनं चेंडू फेकायचा आणि यानं उकिडवं बसून तो घ्यायचा. त्यात गुडघे गेले, बोटं वाकडी झाली, त्याचं त्याला काही नव्हतं. संघाचा पिचर फर्मिन कानुल, त्याचा वेगवान चेंडू घेतला की तो ग्लव्ह काढून हात झटकायचा, तळव्यावर फुंकर घालायचा, आणि प्रेक्षक मैदान डोक्यावर घ्यायचे. आता मात्र नजर गेली होती. समोर सगळा धूर. हे त्यानं गावापासून लपवलं होतं, आणि आज संध्याकाळी त्याच्या सत्कारात पहिला चेंडू फर्मिन टाकणार होता. घ्यायचा हसिंतोनं.

"फर्मिनला सांगू का, हळू टाक म्हणून?"

"त्याला कळलं म्हणजे अख्ख्या बाजाराला कळलं. मग लोक माझा हात धरून रस्ता ओलांडून देतील. एक अक्षर बोलायचं नाहीस!"

"नाही बोलत. फुटू दे थोबाड, म्हाताऱ्या."

संध्याकाळी एल्विरानं मिरवल्यासारखा त्याचा हात धरून त्याला मैदानात कॅचरच्या जागेवर नेलं आणि ती बाजूला झाली. हसिंतो कुरकुरत्या गुडघ्यांवर बसला. "उक! उक!" गाव ओरडत होतं. चेंडू सुटला तर हसं होणार, तोंडावर बसला तर सगळंच उघडं पडणार. साठीतही फर्मिनचा हात शाबूत होता. तरी हसिंतोनं मांड्यांमध्ये एक बोट दाखवलं, चेंडू कसा टाकायचा ते पिचरला सांगणारी कॅचरची खूण. सरळ, पूर्ण जोरात. हळू टाक म्हणणं त्याच्या रक्तातच नव्हतं.

चेंडू आला नाही. हशा आला.

"कानुल मान हलवतोय! नको म्हणतोय!" कुणीतरी ओरडलं.

फर्मिननं त्याची खूण आजवर कधी नाकारली नव्हती. हसिंतोनं पुन्हा तेच बोट दाखवलं. पुन्हा हशा. मग मातीवर बुटांचा आवाज जवळ येऊ लागला.

"अरे, बसनं पाठव चेंडू!"

"हात घरी विसरलास का, कानुल?"

शिट्ट्यांना ऊत आला. साध्या टोमण्यावरून भांडणं उकरणारा फर्मिन मुकाट चालत आला आणि त्यानं चेंडू ग्लव्हमध्ये ठेवला.

"एल्विरानं सांगितलं?" हसिंतो पुटपुटला.

"काय सांगायचंय तिनं? माझा खांदा दुखतोय." फर्मिननं ग्लव्ह बाहेरून दाबला. "मूठ मिट, गाढवा. लोक बघतायत."

लोक अजून हसत होते, आणि ते सगळं हसू एकट्या फर्मिनच्या वाट्याला आलं होतं.

हसिंतो सावकाश उठला. चेंडू घट्ट धरून त्यानं ग्लव्ह काढला, डावा हात भाजल्यासारखा झटकला, आणि सगळ्या गावाला दिसेल असा वर धरून तळव्यावर फुंकर घालत राहिला.